क्रोमियम, उंदीर आणि आपण : एक अभ्यासलेख

मराठी साहित्य मंडळाच्या अंकात रसायनशास्त्र कशाला, असं कुणी विचारेल, म्हणून आधीच सांगते. जामबागेत एका सभासदांच्या घरी आपला जो वाचनवर्ग भरतो, त्यात या सत्राचा विषय आहे ‘शास्त्रीय गद्य कसं वाचावं’. कविता कशी वाचावी हे आपल्याला शिकवलं जातं. प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचावा हे मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याला कुणी शिकवत नाही. माझ्या वाट्याला आलेला विषय आहे, प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या अवयवांवर क्रोमियमच्या संयुगांचा होणारा विषारी परिणाम. वर्गात वेळ कमी पडला, म्हणून तोच पाठ इथे सविस्तर मांडते आहे.

मराठीच्या विद्यार्थ्याला उंदीर म्हटलं की मर्ढेकरांचे पिपातले उंदीर आठवतात. इथले उंदीर पिंजऱ्यातले आहेत, त्यांना नंबर आहेत आणि त्यांच्या प्रत्येक अवयवाचं वजन लिहून ठेवलेलं आहे. पण प्रश्न तोच आहे : हे मरण आपण वाचायचं कसं?

पहिला धडा : विशेषण गाळू नका

१७९७ साली व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सैबेरियातून आलेल्या एका तांबड्या खनिजात हा धातू सापडला. त्याच्या संयुगांचे रंग इतके वेगवेगळे निघाले, की त्याला ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव मिळालं. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंग क्रोमियममुळेच येतो.

आता ‘क्रोमियम विषारी आहे’ हे वाक्य घ्या. व्याकरणाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, पण अर्थाच्या दृष्टीनं अपुरं आहे, कारण त्यात विशेषण नाही. क्रोमियम मुख्यतः तीन रूपांत भेटतं. एक, शुद्ध धातू : नळाच्या तोटीवरचा चकचकीत मुलामा. दोन, त्रिसंयुजी क्रोमियम : चामडं कमावायला वापरतात तो हिरवट निळा क्षार. तीन, षट्संयुजी क्रोमियम : पिवळी-नारिंगी क्रोमेट आणि डायक्रोमेट, आणि मुलामा देण्याच्या टाकीतलं क्रोमिक आम्ल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९० साली षट्संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग घडवतं असं ठरवून त्याला पहिल्या गटात टाकलं. त्रिसंयुजी आणि धातुरूप क्रोमियम तिसऱ्या गटात राहिलं, म्हणजे तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही.

एकाच धातूचं एक रूप एवढं घातक आणि दुसरं सौम्य, हे कसं? षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून असतं. क्रोमेटच्या कणाची ठेवण सल्फेटसारखी असते. पेशीला सल्फेट हवं असतं, त्यासाठी तिच्या पटलात खास दारं असतात, आणि त्याच दारांतून क्रोमेट आत शिरतं. वेश पालटून घरात आलेला पाहुणाच म्हणा ना. आत गेल्यावर ‘क’ जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन त्याचं रूपांतर करू लागतात. सहाचं पाच, पाचचं चार, चारचं तीन. या उतरणीवर पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. शेवटी उरलेलं त्रिसंयुजी क्रोमियम डीएनएला चिकटून बसतं. तेच त्रिसंयुजी क्रोमियम बाहेरून आलं असतं तर त्याला पेशीच्या दारातून फारसा प्रवेशच मिळाला नसता. म्हणजे विष केवळ पदार्थात नसतं, तो कोणत्या रूपानं आणि कुठून आत गेला यातही असतं.

दुसरा धडा : उंदीर कुठला?

निबंधात ‘विस्टर जातीचे उंदीर’ असं लिहिलेलं असतं आणि आपण पुढे सरकतो. जरा थांबा, कारण या नावाचं आपल्या शहराशी नातं आहे.

तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपण बसमधून रोज पाहतो. ती १९१८ साली तामिळनाडूतल्या कूनूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एका खोलीत सुरू केली. १९५८ साली व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना ती हैदराबादला आली. कूनूरच्या काळापासून जपलेला विस्टर उंदरांचा वंशही तिच्याकडे आहे. जगभरच्या निबंधांत त्याला ‘डब्ल्यूएनआयएन’ म्हणतात, म्हणजे नावात आपली संस्था आहेच. मॅकॅरिसन यांचा एक प्रयोग मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. त्यांनी उंदरांचे गट करून त्यांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी पद्धतीचं जेवण दिलं आणि वाढ मोजली. शीख जेवणाचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, त्यांच्यामागे पठाण, आणि तिसरे मराठा. आपल्या ताटाचीसुद्धा उंदरानं साक्ष दिलेली आहे!

याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली उलट्या बाजूनं क्रोमियमचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या माद्यांच्या आहारातलं क्रोमियम कमी केलं, तेव्हा त्यांच्या पिल्लांच्या अंगात चरबी वाढली, विशेषतः पोटातली. म्हणजे अन्नातल्या त्या सूक्ष्म त्रिसंयुजी क्रोमियमचा काही उपयोग असावा, असं सुचवणारा हा प्रयोग. यावर एकमत मात्र नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१४ साली सांगितलं, की क्रोमियम शरीराला अत्यावश्यक आहे याचा खात्रीलायक पुरावा नाही. एकच धातू, एकच प्राणी, आणि प्रश्न अगदी विरुद्ध. म्हणून पहिला धडा पुन्हा : विशेषण गाळू नका.

तिसरा धडा : अवयव काय सांगतात

आता मुख्य विषय. षट्संयुजी क्रोमियम दिल्यावर उंदराच्या शरीरात काय दिसतं?

*मूत्रपिंड.* पोटॅशियम डायक्रोमेटचं एक इंजेक्शन उंदराचं मूत्रपिंड इतक्या ठरलेल्या पद्धतीनं बिघडवतं, की मूत्रपिंडाच्या आजारांवरची औषधं तपासण्यासाठी अनेक प्रयोगशाळा मुद्दाम तोच मार्ग वापरतात. गाळणीला लागून नळीचा जो पहिला वळणदार भाग असतो, तिथल्या पेशी आधी मरतात. रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन चढतं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. शरीर विष बाहेर टाकू पाहतं, आणि जिथून टाकायचं तो मार्गच जळतो.

*यकृत.* एसजीपीटी, एसजीओटी हे शब्द आपल्या घरच्या रक्ताच्या रिपोर्टात असतात. ही द्रव्यं यकृताच्या पेशींत असतात, पेशी फुटल्या की रक्तात सांडतात. क्रोमियम दिलेल्या उंदरांत ती वाढलेली दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली यकृताच्या पेशींत पोकळ्या पडलेल्या दिसतात, कुठे कुठे पेशी मेलेल्या दिसतात.

*प्रजननाचे अवयव.* नरांत शुक्राणूंची संख्या घटल्याचं अनेक प्रयोगांत आढळलं आहे. माद्यांबद्दलचा २००८ सालचा एक अभ्यास मला सर्वांत अस्वस्थ करून गेला. त्यात मद्रास विद्यापीठातल्या संशोधकांचाही सहभाग होता. पिल्लांना पाजणाऱ्या विस्टर माद्यांच्या पाण्यात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलं होतं. पिल्लांना थेट काहीच दिलं नव्हतं, त्यांना फक्त आईचं दूध मिळालं. तरी मादी पिल्लांच्या बीजांडकोशांची वाढ खुंटली आणि त्या वयात यायला उशीर झाला. आईला ‘क’ जीवनसत्त्व दिलं तेव्हा इजा कमी झाली.

हा प्रश्न मद्रासकडे का सुचावा, हेही लक्षात घ्या. त्याच राज्यात राणीपेट आहे, चामड्याच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या तामिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स या कारखान्याला १९९०च्या दशकात टाळं लागलं आणि मागे षट्संयुजी क्रोमियम असलेला लाखाहून जास्त टन कचरा उघड्यावर पडून राहिला. उंदरावरचा प्रश्न पुष्कळदा माणसांच्या गावातूनच येतो.

चौथा धडा : किती, आणि कोणत्या वाटेनं

‘क्रोमियमनं उंदरांना कर्करोग’ अशी बातमी तुम्ही वाचली असेल. ती बहुधा अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या २००८च्या अहवालावरून आलेली असते. त्यात उंदरांना दोन वर्षं सोडियम डायक्रोमेट मिसळलेलं पाणी पाजलं. मोठ्या उंदरांत तोंडाच्या आतल्या अस्तराला गाठी झाल्या, लहान जातीच्या उंदरांत लहान आतड्याला. निष्कर्ष खरा आहे. पण आकडा वाचा. मोठ्या उंदरांत गाठींची स्पष्ट वाढ दिसली ती सर्वांत जास्त मात्रेच्या गटात, एका लिटरला ५१६ मिलिग्रॅम. त्यातलं क्रोमियम काढलं तर सुमारे १८० मिलिग्रॅम भरतं. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे त्या उंदरांचं पाणी आपल्या मर्यादेच्या तब्बल ३६०० पट होतं.

‘मग घाबरायचं कारण नाही’ असा याचा अर्थ घेऊ नका. उंदीर दोनच वर्षं जगतो आणि एका गटात पन्नासच उंदीर असतात. एवढ्या थोड्यांत परिणाम दिसावा म्हणून मात्रा वाढवतात, आणि माणसासाठीची मर्यादा त्या मात्रेच्या खूप खाली ठेवतात. आणखी एक फरक आहे. उंदराचं यकृत ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करतं, आपलं करत नाही. आपल्याला ते पेरूतून, आवळ्यातून, लिंबातूनच घ्यावं लागतं. तेव्हा उंदीर म्हणजे लहान माणूस नव्हे. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो.

वाटेचा मुद्दा मला घरातून समजला. माझे मामा हैदराबादच्या एका छोट्या प्लेटिंग कारखान्यात अठरा वर्षं आहेत. आपल्या जामबागेशेजारी ट्रूप बाजारात नळ आणि फिटिंग विकणारी दुकानं आहेत ना, तिथे दिव्याखाली झळकतो तसला मुलामा ते देतात. तो झळकणारा नळ निर्धोक आहे, कारण त्यावर आता धातू आहे. धोका मुलामा चढतो तेव्हाचा. क्रोमिक आम्लाच्या टाकीत वीज सोडली की बुडबुडे येतात, फुटतात, आणि त्यांच्याबरोबर आम्लाचे बारीक तुषार हवेत जातात. मामांच्या बोटांवर खोल, न दुखणारी छिद्रं पडलेली आहेत. गेल्या पावसाळ्यात नाकातून रक्त येणं थांबेना, तेव्हा कळलं की नाकाच्या मधल्या पडद्याला भोक आहे. ज्या दवाखान्यात गेले तिथे थेंब लिहून मिळाले. ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. मामी म्हणाल्या, “अगं, त्यांच्याबरोबरच्या सगळ्यांचंच नाक असं आहे.”

पाण्यातून क्रोमियम प्यालेला उंदीर मामांच्या नाकाबद्दल काही सांगू शकत नाही. पोटातलं आम्ल षट्संयुजी क्रोमियमचा बराच भाग त्रिसंयुजी करून टाकतं, नाकाला आणि फुप्फुसाला तशी ढाल नाही. ती साक्ष माणसांनीच दिली, आणि फार पूर्वी. १८९० साली स्कॉटलंडमधल्या एका क्रोम-रंगाच्या कामगाराची नोंद वैद्यकीय मासिकात आली होती. त्याच्या नाकात कर्करोग होता, आणि नाकाच्या पडद्याला भोक होतं. आपल्या देशात १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘क्रोममुळे होणारे व्रण’ हा आजार नावानिशी दिलेला होता. असा रोगी आढळला तर डॉक्टरनं कारखाना निरीक्षकांना कळवावं, असं तोच कायदा सांगत होता. ज्ञान होतं, कायदाही होता. मधला एक प्रश्न तेवढा विचारायचा राहिला.

पाचवा धडा : आपली माती

आपल्या शहरातल्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाटणचेरू आणि काटेदान या औद्योगिक भागांतली माती तपासली आहे. दोन्हीकडे जड धातू सापडले, त्यांत क्रोमियमही आहे. पाटणचेरूच्या प्रदूषणाविरुद्धची याचिका १९९० सालीच सर्वोच्च न्यायालयात गेली होती. तिथला नक्कावागू ओढा मांजरा नदीला मिळतो. ही मांजरा परकी नाही. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात उगवते, लातूर-बिदरकडून तेलंगणात येते आणि पुढे नांदेडच्या शिवेला लागून गोदावरीत जाते. आपल्यापैकी कित्येकांची आजोळं तिच्या काठावर आहेत.

इथेही पहिला धडा विसरू नका. मातीच्या तपासणीत पुष्कळदा एकूण क्रोमियम मोजतात, त्यात षट्संयुजी किती ते कळत नाही. म्हणून ‘काटेदानची माती विषारी’ असं विधान नुसत्या त्या आकड्यावरून करता येत नाही, आणि ‘काही नाही, निसर्गातही क्रोमियम असतंच’ असंही म्हणता येत नाही. विचारायचा प्रश्न एकच : त्यातलं षट्संयुजी किती, ते मोजलं का?

पर्याय कुठून येतात, तेही पाहा. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेनं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात, त्याला क्रोमियम लागतच नाही. प्लेटिंगमध्ये पुष्कळ कामांसाठी त्रिसंयुजी क्रोमियमच्या टाक्या निघाल्या आहेत. टाकीच्या कडेलाच हवा ओढून घेणारं यंत्र, तुषार दाबणारं द्रव्य, हातमोजे, आणि कामगारांच्या नाकाची ठरावीक तपासणी, यातलं एकही नवं संशोधन नाही.

शेवटचा धडा : ‘बळी’ हा शब्द

या सगळ्या इंग्रजी निबंधांत एक वाक्य ठरलेलं असतं. प्रयोगाच्या शेवटी उंदरांना मारलं, असं कुणी लिहीत नाही. ‘सॅक्रिफाइस करण्यात आलं’, असं लिहितात. कर्मणी प्रयोग, कर्ता गायब. मराठी करायचं तर ‘बळी देण्यात आला’ असं होईल.

मी कॅथलिक घरातली. मिस्सा हे अर्पण आहे, असं धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्यामुळे हा शब्द मला सहज ओलांडता येत नाही. बळी म्हटलं की तो कुणासाठी, हे सांगावंच लागतं. कुणासाठीही नसलेलं मरण म्हणजे नुसतं मरण. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ २४१७ आणि २४१८ या परिच्छेदांत प्राण्यांवरच्या प्रयोगांना मुभा देतो, पण अटीवर : ते वाजवी मर्यादेत हवेत आणि त्यांतून माणसाची काळजी घेतली जावी, जीव वाचावेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणं माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे, असंही तिथे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच विचार पुन्हा सांगितला. धर्म बाजूला ठेवला तरी भारतीय कायदा जवळपास तेच म्हणतो. १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८चे नियम यांनुसार संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ साली प्राणिशास्त्राच्या वर्गातली विच्छेदनंही बंद केली.

आता ही अट नीट वाचा. ती प्रयोग करणाऱ्याला आहे तशी वाचणाऱ्यालाही आहे. ‘माणसाची काळजी घेतली जावी’ हा भाग प्रयोगशाळेत पुरा होत नाही. तो कारखान्याच्या टाकीशी, दवाखान्याच्या टेबलाशी, पाण्याच्या तपासणीत पुरा व्हायचा असतो. डायक्रोमेटनं मूत्रपिंड बिघडतं हे शेकडो उंदरांनी सांगून झालं आहे. तेच आणखी एकदा, वेगळ्या मात्रेनं, केवळ एक निबंध पदरात पडावा म्हणून विचारायचं असेल, तर ‘बळी’ हा शब्द वापरायचा आपल्याला हक्क नाही. आणि जे सांगून झालं ते जर काटेदानच्या कामगारापर्यंत त्याच्या भाषेत पोचलं नसेल, तर ते काम शास्त्रज्ञांचं राहिलेलं नाही. ते आपलं आहे, भाषा शिकणाऱ्यांचं.

पुढच्या वर्गासाठी

१. वर्तमानपत्रातली ‘उंदरांवरील प्रयोगात सिद्ध’ अशी एक बातमी आणा. तिच्यात पदार्थाचं रूप, मात्रा, वाट आणि प्राण्याची जात, यांतलं काय काय दिलं आहे आणि काय गाळलं आहे?

२. ‘सॅक्रिफाइस’ या शब्दाला मराठी शास्त्रीय लेखनात काय वापरावं? बळी, वध, जीव घेणं, की आणखी काही? निवडीचं कारण पाच ओळींत लिहा.

३. प्लेटिंगच्या टाकीजवळ लावता येईल असा दहा ओळींचा फलक मराठी, तेलुगू आणि उर्दूत तयार करायचा आहे. त्यात हातमोजे, नाकाची तपासणी आणि डॉक्टरला ‘मी क्रोमच्या टाकीवर काम करतो’ हे सांगणं, या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. तेलुगू आणि उर्दू लिहू शकणाऱ्या सभासदांनी नावं द्यावीत. मराठी मसुदा मी आणते.